शनिवारची भुतं

टीव्हीवर भूत आलं की सुभेदारांच्या सोप्यात बसलेल्या सगळ्या बायका एकदम ओरडायच्या. मी ओरडायची नाही. मी धीट होते म्हणून नव्हे. मोठ्यानं ओरडायचंसुद्धा मला जमत नसे, इतकी मी लाजरी होते. चारचौघांत कुणी नाव विचारलं तर माझ्या तोंडून ते नीट बाहेर पडायचं नाही. पण त्या हिवाळ्यात शनिवारच्या त्या अर्ध्या तासात मी जितकं डोळे उघडून बघितलं, तितकं त्याआधी कशाकडेच बघितलं नव्हतं.

आणीबाणी उठून वर्ष होऊन गेलं होतं. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव टेकाडावर आणि उसाचे मळे खाली नदीकडे. पुण्याकडच्या डोंगरावरून टीव्हीचं चित्र निघतं आणि आपल्या टेकाडापर्यंत कसंबसं पोचतं, असं सुभेदार सांगायचे. पलटणीतून पेन्शन घेऊन आल्यावर त्यांनी घरावर विहिरीच्या इंजिनाचे दोन लोखंडी पाइप एकावर एक जोडून उभे केले आणि टोकाला अँटेनाच्या कांड्यांचा पिंजरा बसवला. वारा सुटला की पिंजरा फिरायचा. मग सुभेदार स्वतः माळवदावर चढायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" सोप्यातून सगळ्यांचा एक आवाज जायचा, "आलं, आलं!" आणि लगेच, "ग्येलं!" पडद्यावर नुसत्या मुंग्या.

भुताची मालिका दिवाळीनंतर सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी सात वाजता. दर आठवड्याला गोष्ट नवी, माणसं नवी. सुरुवातीला कोट घातलेला एक गृहस्थ खुर्चीत बसून दोन वाक्यं बोलायचा, तेवढा जुना. सासूबाई मला जाऊ द्यायच्या, कारण सुभेदारीण त्यांच्या नात्यातली होती. निघताना दर खेपेला तेच सांगायच्या, "जा, पर डोईवरचा पदर पडू दिऊ नगंस. आन् पुरुषमानसाच्या फुडं बसू नगंस." मी दाराच्या चौकटीला टेकून, सगळ्यांच्या मागं बसायची.

पहिली गोष्ट एका बंगल्याची होती. त्या बंगल्यातल्या बाईला तिच्याच घरच्यांनी मारलेलं असतं आणि ती पांढरं लुगडं नेसून, केस मोकळे सोडून जिन्यावरून उतरते. बायकांनी एकमेकींचे दंड धरले. मी बघत होते आणि मला वाटत होतं, की ही तर सवाष्ण मेली. नवरा समोर जिवंत उभा आहे. मग हिला पांढरं कुणी नेसवलं? आमच्याकडे सवाष्ण मेली की तिला हिरवं नेसवतात, कपाळभर मळवट भरतात, ओटी भरतात. ती परत यायचीच झाली तर हिरव्यातच येईल. ज्यानं ही गोष्ट लिहिली त्यानं घरातून सवाष्ण बाईचं मढं निघताना कधी बघितलं नसणार.

हे मी तिथं बोलले नाही. दुसऱ्या दिवशी उसातलं तण काढताना, भांगलताना बोलले.

आमच्या आळीतल्या सात-आठ जणींचा पैरा होता. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. कोवळ्या उसात प्रत्येकीनं एकेक पात धरायची आणि खुरपं चालवत पुढं सरकायचं. सगळ्यांच्या माना खाली. कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. माझ्यासारखीला बोलायला त्याच्याइतकी चांगली जागा जगात दुसरी नव्हती. टीव्ही बघायला निम्म्या बायकांना घरून परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी मला विचारलं आणि मी मातीकडे बघत बघत सगळी गोष्ट सांगितली. शेवटी लुगड्याचंही सांगितलं.

पातीत हशा झाला. शेजारची काकी सगळ्यांत म्हातारी होती, तिनं खुरपं आपटलं. "आगं, खरंच की! त्या मुडद्याला ठावं न्हाई. त्येच्या आयला इचाराय पायजे हुतं त्येनं."

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. शनिवारी मी बघायची आणि रविवारी सांगायची, आणि सांगून झालं की गोष्ट कशी होती तेही सांगायचं. माझी पात मागं पडली तर दोघी बाजूनं हात लावून ती पुढं नेऊन द्यायच्या. चौथीपर्यंतच्या शाळेत एकदाही मी आपणहून हात वर केला नव्हता. इथं बायका माझं बोलणं ऐकायला खुरपी हळू चालवायच्या.

दुसरी गोष्ट ड्रायव्हर नसलेल्या मोटारीची होती. ती मला आवडली नाही. अर्धा तास मोटारच दाखवली. काकी म्हणाली, "आन् त्यात तेल कोन घालीत हुतं?" त्याचं उत्तर गोष्टीत नव्हतं. तिसऱ्या गोष्टीच्या वेळी वारा होता. भूत आलं की मुंग्या आल्या हे कुणालाच कळलं नाही, तरी सगळ्या ओरडल्या. चौथी चांगली होती. एका म्हाताऱ्याचा मेलेला भाऊ रोज जेवायच्या वेळेला दारात येऊन उभा राहायचा. काही करायचा नाही, काही बोलायचा नाही. हातपाय धुऊन आल्यासारखा नुसता उभा. वाटणीत त्याची जमीन बुडवलेली असते. मी पातीत म्हटलं, ही गोष्ट खरी वाटते, कारण भूत नेहमीच्या वेळेला आलं आणि त्याला काय पाहिजे ते त्या म्हाताऱ्याला माहीत होतं. किंचाळणारी भुतं खोटी वाटतात. आणि ज्या गोष्टीत भूत आणि ते ज्याच्याकडे येतं तो, या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नसलेली एखादी बारकी गोष्ट भूत बोलून जातं, तिथं अंगावर काटा येतो.

असं मी भुतांबद्दल बोलायची आणि कुणाला त्यात नवल वाटायचं नाही, त्यालाही कारण होतं. मला मेलेल्या बाईची सवय होती. मी बिजवराला दिलेली. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या बाजूला. तिथं माणसापेक्षा मेंढरं जास्त आणि पाण्यापेक्षा दगड जास्त. आई मेली होती. इकडं बारमाही पाणी, ऊस, दारात ट्रॅक्टर, एवढं ऐकून भावानं दिलं. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राच्या आधी माझ्या गळ्यात पहिलीचा टाक पडला. रुपयाएवढा चांदीचा, त्यावर बाईची आकृती. बायको मेलेल्या माणसाला दिलेल्या पोरीनं तो घालायचा असतो. सणाला नैवेद्य आधी तिला. नवं लुगडं आणलं की आधी तिच्यापुढं ठेवायचं, कुंकू लावायचं, मग मी नेसायचं. घरात सगळं आधी तिला मिळायचं आणि मग मला. मला तिची भीती कधी वाटली नाही. राग कधीकधी यायचा.

ती कशी मेली ते मला घरात सांगितलं होतं. आठवा महिना लागलेला, भर दुपारी विहिरीवर गेली आणि आसरांनी धरलं. आसरा म्हणजे पाण्यातल्या साती बहिणी. रक्त जायला लागलं आणि गेली. म्हणून दर अमावास्येला विहिरीवर हळदकुंकू आणि दहीभात ठेवावा लागायचा, तो मीच ठेवायची. मालिका सुरू झाली तेव्हा मला पाचवा महिना होता. सासूबाई दोन ओट्या जास्त भरायला लागल्या.

आठवी गोष्ट आरशाची होती. एक माणूस दुसरं लग्न करतो. नवी बायको आरशात बघते तर आत पहिली दिसते. ती हळूहळू हिचा गळा आवळते आणि शेवटी हिला आरशात ओढून नेते. ती गोष्ट सुरू झाली आणि सोप्यातल्या बायका टीव्हीकडे बघायच्या सोडून वळून वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. सुभेदारीण मोठ्यानं म्हणाली, "तिला कशाचं भ्या गं? तिनं तर गळ्यातच बांधून ठिवलीया." सगळ्या हसल्या. माझे कान तापले. पण मी शेवटपर्यंत बघितलं.

रविवारी पातीत कुणी विचारेना. मीच सुरू केलं. गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "ही सगळ्यांत खोटी. ती मेली कशानं हे दाखवलंच न्हाई. आजारी पडली, मेली, एवढंच. आजारात नवरा कुठं हुता? तिला दवाखान्यात न्हेली का न्हाई? दुसरी तर तवा आपल्या म्हायेरात परकर नेसून फिरत हुती. पहिली परत आली तर आधी घरातल्यांकडं बघंल. दुसरीचा गळा कशाला धरंल? ज्यांनी न्हेली न्हाई त्यांनीच ही गोष्ट रचल्यावानी वाटती."

मी टीव्हीतल्या बाईबद्दल बोलत होते. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. पण पातीतली खुरपी थांबली. आठ खुरप्यांचा आवाज एकदम थांबतो तेव्हा किती शांत होतं ते भांगललेल्या बाईलाच कळेल. मी मान वर केली तर सगळ्या जणी मातीकडे बघत होत्या.

काकी म्हणाली, "चला गं, ऊन चढतंय."

दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा तिनं मला बांधावर एकीकडे घेतलं. "तुला कुनी सांगितलं?"

"काय?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला कळलं, की मला खरंच काही ठाऊक नाही. तरीही तिनं सांगितलं. बहुतेक तिलाही कुणाला तरी सांगायचंच होतं.

पहिली ही सासूबाईंची सख्खी भाची, भावाची लेक. त्यांना 'आत्ती' म्हणायची, अगं-तुगं करायची. विहिरीवर वगैरे काही गेली नव्हती. घरातच कळा सुरू झाल्या, आठव्यातच. एक दिवस गेला, एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी रक्त थांबेना. ट्रॅक्टर दारात होता. पण तोडलेला ऊस ट्रॉलीत भरलेला होता आणि कारखान्याची ऊस घालायची चिठ्ठी त्याच दिवसाची होती. चुकली असती तर पुन्हा पाळी कधी, देव जाणे. तोवर ऊस वाळला असता. सासूबाई म्हणाल्या, ऊस टाकून या, मग बघू. देवऋषी बोलावला. त्यानं आसरांचं नाव काढलं.

"मी तिचं डोस्कं मांडीवर घिऊन बसली हुती," काकी म्हणाली. "वरडत नव्हती गं. निसती बारीक आवाजात म्हनायची, 'आत्ती, ऊस मागनं न्हे. मला आधी न्हे गं.' ट्रॅक्टर गल्लीतनं बाहीर ग्येला तरी म्हनत हुती."

"मग?"

"मग काय? दिवस मावळायला ट्रॅक्टर आला. ती दुपारीच ग्येली."

मी दर अमावास्येला विहिरीवर दहीभात ठेवत होते. तो ठेवताना हात जोडून, मला सांभाळ, असं म्हणत होते. कुणाला म्हणत होते? आठ आठवडे मी दुसऱ्यांच्या गोष्टींतली भोकं शोधत होते आणि माझ्याच घरातली गोष्ट मी न विचारता गिळली होती. विहिरीवर जाताना तिला कुणी बघितलं? बरोबर कोण होतं? रक्त जायला लागल्यावर ती घरापर्यंत चालत कशी आली? एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. टीव्हीवर ही गोष्ट दाखवली असती तर पहिल्या पाच मिनिटांत मी तिला खोटी ठरवली असती.

बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही असं म्हणतात. ते खोटं आहे. ही गोष्ट सगळ्या आळीच्या पोटात इतकी वर्षं राहिली होती. माझं पातीतलं बोलणं मात्र संध्याकाळच्या आत सासूबाईंपर्यंत पोचलं; काकीचं बांधावरचं तेवढं पोचलं नाही.

त्या आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. चुलीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "गर्भारशीनं भुताखेताचं बघू न्हाई. उद्यापसनं सुभेदाराच्या घराची पायरी चढायची न्हाई. आन् भांगलायलाबी नगं. घरात लय काम हाय."

टीव्ही गेला आणि पातही गेली. दोन्हींचं मला वाईट वाटलं, पण फार नाही. माझा जीव आता दुसरीकडेच लागला होता. मला सातवा होता. शिमग्याच्या सुमारास दिवस भरणार होते आणि तेव्हा कारखाना जोरात चालू असणार होता. मला जगायचं होतं. एवढं साधं पाहिजे असलेलं कुणापुढं मांडायचं, हेच मला कळत नव्हतं.

भावाला पत्र लिहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, येऊन घेऊन जा. चौथीतलं अक्षर, तीन-तीनदा खोडून लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. औंदा तळं आटलंय, बायका दोन मैलावरून पाणी आणतात, तुझी वहिनी एकटी कुठं पुरी पडणार; तुझं सासर पाण्याचं आहे, तिथंच नीट होईल.

मग मालकांना विचारलं. ते ट्रॅक्टरला ग्रीस देत बसले होते. त्यांच्याशी दिवसाउजेडी बोलायची मला सवय नव्हती. मी उंबऱ्याआडून म्हटलं, "तालुक्याच्या दवाखान्यात माझं नाव घालून येता का?"

त्यांनी मान वर केली नाही. "आईला इचार."

तिच्या वेळीही आईलाच विचारलं होतं का, असं मला म्हणायचं होतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि मी गिळलं. ते वाईट नव्हते. आजही कुणी विचारलं तर मी ते वाईट होते असं म्हणणार नाही. आईनं ऊस म्हटलं की ऊस, आणि आईनं दवाखाना म्हटलं असतं तर दवाखाना. असा माणूस चांगला की वाईट, हे त्याला सांगणाऱ्या माणसावर अवलंबून.

सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "दवाखान्यात जायला तुला काय धाड भरलीया? आमी काय दवाखान्यात बाळंत झालो व्हय? अमावास्येला साती आसरांची वटी भर, समदं नीट हुईल."

मी ओटी भरली. काय करणार होते?

कळा सकाळी सुरू झाल्या. सूर्य कासराभर वर आला तेव्हा ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन दारात आला. मालक भाकरी बांधून घ्यायला थांबले होते. बरोबर दोन ऊसतोडे होते. सासूबाई आतल्या खोलीत माझ्यासाठी गोणपाट अंथरत होत्या. मला आत चल म्हणाल्या. काकी आली होती. तिनं माझ्या पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा बदलला. "आडवं हाय, का पायाळू हाय, मला उमजना. न्ह्याय पायजे हिला."

सासूबाई म्हणाल्या, "पयल्या येळंला असंच वाटतंय. चिठ्ठी आजची हाय. ट्रॅक्टर जाऊन यिऊ दे."

काकीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. आम्ही दोघी त्या घरात गप्प राहायला शिकलेल्या बायका होतो आणि गप्प राहून काय होतं ते एकीनं बघितलेलं होतं, दुसरीनं ऐकलेलं होतं.

मी आतल्या खोलीत गेले नाही. बाहेर आले. भर अंगणात, गल्लीतले लोक बघत असताना, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पाठ लावून खाली बसले. डोक्यावरचा पदर खाली गेला, तो मी वर घेतला नाही. अंबाडा सोडला. हे करताना लाजेनं माझी मान वर होत नव्हती, ते सगळ्यांना वेगळ्याच कशानं झाल्यासारखं दिसलं असेल.

मी काय करणार आहे ते मला नीट माहीत होतं. एकामागून एक आठ भुतं मी डोळ्यांनी पारखली होती. किंचाळायचं नाही. डोळे फिरवायचे नाहीत. घुमायचं नाही, ते देवऋषी उतरवून टाकतो. नेहमीच्या वेळेला आल्यासारखं यायचं आणि त्यांनाच ठाऊक असलेलं बोलायचं.

"आत्ती," मी म्हटलं. दोन वर्षांत मी सासूबाईंना 'आवं आत्याबाई'शिवाय हाक मारली नव्हती. "आत्ती, ऊस मागनं न्हे. मला आधी न्हे गं."

त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी दाराची चौकट धरली. तोंड उघडं पडलं. मी पुन्हा तेच म्हटलं, तसंच बारीक आवाजात. आवाज बारीक काढायला मला काही करावं लागलं नाही. तेवढ्यात एक कळ आली. ती खरी होती.

"आले गं पोरी," त्या म्हणाल्या. असा आवाज त्यांच्या गळ्यातून निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. "आले, आले. आरं बघतोस काय? उतर त्यो ऊस! खाली टाक!"

मालक आणि ते दोन ऊसतोडे ट्रॉलीवर चढले. मोळ्या धडाधड अंगणात पडायला लागल्या. मालक रडत होते. मोळ्या फेकत होते आणि रडत होते. गोणपाटं आली, गोधड्या आल्या, मला उचलून वर घातलं. काकी माझ्या उशाशी बसली आणि सासूबाई पायाशी, हात जोडून. ट्रॅक्टर सुटल्यावर काकीनं वाकून माझ्या कानात सांगितलं, "आता गप पड. लय झालं."

रस्ताभर सासूबाई बोलत होत्या. माझ्याशी नाही. "तुझं पाय धरते बाई. चुकले मी. तवा मला वाटलं येळ हाय. तुझ्या बापाला तोंड दावलं न्हाई मी अजून." मी डोळे मिटून ऐकत होते. जी चार वर्षांपूर्वी मेली होती तिचं बाळंतपण आज होत होतं. तिला सगळं मिळत होतं, ट्रॅक्टर, गोधडी, माफी. मी तिची जागा अडवून पडले होते, की ती माझी, हे मला त्या धक्क्यांत समजेना. एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट कळली. मीच, माझ्या तोंडानं, माझ्या आवाजात हेच म्हटलं असतं तर ट्रॅक्टर ऊस घेऊन गेला असता. तीही जिवंतपणी हेच म्हणाली होती. मेल्यावर म्हटलं तेव्हा ऐकलं.

दवाखान्यात नर्सबाईनं केसपेपर करायला खिडकीतून नाव विचारलं. मी बाकावर आडवी होते. मालक ट्रॅक्टर लावायला गेले होते. सासूबाई पुढं झाल्या आणि त्यांनी तिचं नाव सांगितलं. पहिलीचं. नर्सबाईनं लिहून घेतलं.

मी तोंड उघडलं. दोन हातांवर ती खिडकी होती. काकीनं माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. मी दुरुस्त केलं असतं तर सासूबाईंना कळलं असतं, की आत मीच आहे. दवाखान्याच्या दारातून घरच्यांनी मागं फिरवलेल्या बायकांबद्दल मी ऐकलं होतं. मी तोंड मिटलं.

मूल पायाळू होतं. डॉक्टरांनी मालकांना सांगितलं, आणखी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. मुलगी झाली. मुलगी म्हटल्यावर एरवी सासूबाईंचं तोंड वाकडं झालं असतं. त्यांनी तिला दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाल्या, "तुझीच लेक हाय गं. तुझीच."

तीन दिवस त्या माझ्यापाशी बसून होत्या. तूप घालून शिरा भरवायच्या. माझी वेणी घालायच्या. इतक्या मायेनं कुणी माझे केस आई गेल्यापासून विंचरले नव्हते, आणि ते माझे म्हणून विंचरले जात नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "राग ग्येला का गं तुझा?"

गेला म्हणावं तर ते सांगायचा मला काय अधिकार? नाही म्हणावं तर लेकीला घेऊन त्याच घरात जायचं होतं. पुढच्या खेपेला पुन्हा ट्रॅक्टर लागणार होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात घरी सोडायचे कागद घेऊन नर्सबाई वॉर्डाच्या दारात आली आणि तिनं कागदावरचं नाव मोठ्यानं पुकारलं. कुणी उठेना, तेव्हा पुन्हा पुकारलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "आहे." आणि हात वर केला.